आधी घड्याळ, मग नकाशा : सोलापुरात रविवारची निवांत सायकल फेरी कशी आखाल?

सोलापुरात ‘पार्कात जाऊ’ म्हटलं की माणूस झाडाखाली नाही, मैदानावर पोचतो. आपलं पार्क म्हणजे पार्क मैदान, आणि संध्याकाळ असेल तर त्याच्या कडेची चौपाटी. त्यामुळे ‘बागेबागेतून निवांत सायकल चालवायचीय, कुठं जाऊ?’ असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं : ‘सोलापुरात कुठलं ओ तसलं!’

आहे की. हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, स्मृती उद्यान आणि सिद्धेश्वर वनविहार ही सगळी ठिकाणं एका दोऱ्यात ओवता येतात. जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर होतात. घाट नाही, मोठा चढ नाही. साधी सायकल आणि बऱ्यापैकी गुडघे असलेला कोणीही माणूस ही फेरी करू शकतो. अट एकच, वेळेवर निघायचं.

ही अट मी अनुभवानं शिकलो. माझी पहिली फेरी एप्रिलमधल्या एका रविवारी झाली. उठलो साडेसातला, चहा घेतला, पेपर चाळला आणि साडेआठला बाहेर पडलो. अकरा वाजता विजापूर रोडवरून हवा गेलेली सायकल ढकलत परत येत होतो. बाटली रिकामी होती आणि डोक्यावरची टोपी ओली करायलाही पाणी नव्हतं. पुढं त्याच रस्त्यानं शेकडो वेळा गेलो, कधी काही झालं नाही. त्या दिवशी रस्ता बरोबर होता, वेळ चुकली होती. म्हणून फेरी आखताना मी आधी घड्याळ बघतो, मग नकाशा.

किती वाजता निघायचं

निघायची वेळ पुढून ठरवू नका, मागून ठरवा. ऊन पाठीवर चटकायला लागायच्या आत घरी परतायचं, हे पक्कं. मार्च ते मे या महिन्यांत ही हद्द साडेआठची धरा. थंडीत साडेनऊ-दहापर्यंत चालतं. त्यातून फेरीला लागणारा वेळ वजा केला की निघायची वेळ हाती येते.

फेरीला वेळ किती लागेल? नवशिक्यानं ताशी १२ किलोमीटरचा वेग धरावा. त्या हिशोबानं १४ किलोमीटरला साधारण ७० मिनिटं होतात. त्यात तलावावरचे थांबे, फोटो, पाणी पिणं आणि कोणाची तरी उतरलेली चेन बसवणं मिळवा, म्हणजे दोन तास. ‘आम्ही तासात करू’ म्हणणारे असतात, त्यांनी करावं. ते तलाव बघत नाहीत.

सोलापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि मे महिन्याच्या शेवटी पावणेसहा ते सहाच्या दरम्यान. उगवायच्या वीसेक मिनिटं आधी रस्त्यातला खड्डा दिसण्याइतकं उजाडलेलं असतं. म्हणजे मे महिन्यात साडेपाच-पावणेसहाला निघालात तर पावणेआठला घरात. जानेवारीत पावणेसातला निघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं आखडतात आणि ब्रेक दाबताना ते जाणवतं, तेव्हा साधे लोकरीचे हातमोजे ठेवा.

संध्याकाळची फेरी? उन्हाळ्यात डांबर आणि भिंती सातपर्यंत आग ओकत असतात, आणि त्याच वेळी निम्मं शहर रस्त्यावर उतरतं. मी संध्याकाळी जात नाही.

जानेवारीचं एक वेगळं लक्षात ठेवा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा असते, आपली गड्ड्याची जत्रा. होम मैदान गच्च भरलेलं असतं आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत त्या भागातले रस्ते सायकलचे राहत नाहीत. त्या आठवड्यात सायकल घरी ठेवा आणि जत्रेला चालत जा.

कोणत्या दिशेला जायचं

ही गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. अक्कलकोट रोड शहरातून पूर्व-आग्नेयेला जातो. थंडीत सूर्यही आग्नेयेकडूनच वर येतो. म्हणजे सकाळी त्या रस्त्यानं निघालात की ऊन थेट डोळ्यांत. तुमच्याच डोळ्यांत असतं तर गॉगल लावून भागलं असतं, पण ते तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत असतं. पुणे रोडला उलटं होतं : जाताना ऊन पाठीवर, येताना तोंडावर. विजापूर रोड दक्षिणेकडं जातो. जाताना ऊन डाव्या अंगाला राहतं, येताना उजव्या. डोळ्यांत कधीच येत नाही. नवशिक्यांना मी याच रस्त्यानं नेतो, त्याला हे एक मोठं कारण आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा असा वाहतो की सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं वाटतं. नियम सोपा आहे : जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे दमलेल्या पायांना येताना तो पाठीशी मिळतो. पावसाळ्यात विजापूर रोड या हिशोबातही बसतो. अर्थात काळ्या मातीच्या कडेला पाऊस पडून गेल्यावर सायकल खाली उतरवू नका. माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरायचं थांबतं, मग काडीनं उकरत बसावं लागतं.

रस्ता, टप्प्याटप्प्यानं

चार हुतात्मा चौकात जमा. ठिकाण सगळ्यांना माहीत आहे, पहाटे सायकली उभ्या करायला जागा असते, आणि मुलं सोबत असतील तर पुतळ्यांकडं बोट दाखवून दोन मिनिटं सांगता येतं : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी गेलेले आपल्या गावचे चौघं. चौकात शिट्ट्या मारत उभी राहणारी पोरंसुद्धा हे ऐकताना जरा गप्प होतात.

तिथून हुतात्मा बाग आणि भुईकोट किल्ल्याच्या कडेनं सिद्धेश्वर तलावाकडं या. सहा-साडेसहाला पाण्यावर वाफेसारखं धुकं असतं आणि मधलं देऊळ त्यावर तरंगल्यासारखं दिसतं. इथं घाई करू नका. सायकल भिंतीला टेकवा, बाहेरूनच नमस्कार करा, दहा मिनिटं बसा. ही फेरी ‘प्रेक्षणीय’ म्हणायची तर तिचा निम्मा हक्क या दहा मिनिटांचा आहे. दर्शनाला आत जाणार असाल तर सायकलला कुलूप लावा. एक चाक दुसऱ्या चाकाला नव्हे, खांबाला किंवा जाळीला.

पुढं होम मैदानाच्या बाजूनं रंगभवन आणि तिथून सात रस्ता. नावाप्रमाणे इथं सात दिशांनी माणसं येतात, आणि रविवारी सकाळी सिग्नल हा सल्ला समजला जातो. मुलं किंवा नवशिकी मंडळी असतील तर सरळ उतरा, सायकल हातात धरा आणि पायी चालणाऱ्यांसारखा चौक ओलांडा. लाज कसली त्यात? मी अजून उतरतो.

सात रस्त्यावरून पत्रकार भवनाकडं आणि मग विजापूर रोडला लागा. रस्ता मोठा आहे, वाहनंही आहेत, पण सातच्या आत त्यांची संख्या सोसण्याजोगी असते. एकामागं एक चाला. डावी कड धरा, पण अगदी काठाला चिकटू नका. काठाला वाळू, काचा आणि काटे साचतात. कडेपासून हातभर आत राहिलं की मागच्यालाही तुम्ही नीट दिसता.

कंबर तलाव, म्हणजे कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव, हा दुसरा मोठा थांबा. थंडीत इथं पाणपक्षी बघायला मिळतात. दुर्बीण नसली तरी दोन पक्षी ओळखायला सोपे आहेत. टिबुकली म्हणजे मुठीएवढा गोळा. बघता बघता बुडी मारते आणि आपण भलतीकडं बघत असताना तिसरीकडंच वर येते. दुसरा वारकरी. सगळं अंग काळं, चोच पांढरी आणि कपाळावर पांढरा टिळा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं या पक्ष्याचं नाव कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पक्षी बघायला पुलावर किंवा वळणावर सायकल थांबवू नका. पूर्ण रस्त्याबाहेर या, मग बघा.

शेजारच्या स्मृती उद्यानात सावली आहे. मुलं दमली असतील तर इथूनच मागं फिरा. फेरी अर्धी झाली असं कोणी म्हणणार नाही.

शेवटचा टप्पा सिद्धेश्वर वनविहार. वनखात्याची ही झाडी सकाळी फिरायला येणाऱ्यांची लाडकी जागा आहे. फेरीच्या आदल्या दिवशी फाटकावर जाऊन तीन गोष्टी विचारून या : फाटक किती वाजता उघडतं, सायकल आत नेऊ देतात का, आणि नाही तर ती कुठं लावायची. नियम ऋतूप्रमाणे आणि साहेबाप्रमाणे बदलतात. आत सोडली तरी आतल्या वाटा चालणाऱ्यांच्या आहेत. पहाटे पाठीमागून घंटी ऐकून दचकणाऱ्या आजी तिथं असतात. सायकल हातात धरून चाला. फरसाणाचं पाकीट बाहेर ठेवा, आत माकडं नसली तरी कचरा आपलाच होतो.

परतीचा रस्ता तोच. गोल फेरी करायचा मोह होतो, पण आल्या वाटेनं परतण्यात मोठा फायदा आहे. खड्डे कुठं आहेत, पंक्चरवाला कुठं बसतो, कुत्र्यांची टोळी कोणत्या कोपऱ्यावर आहे, हे सगळं आता माहीत असतं.

सायकल आदल्या रात्री बघायची, सकाळी नव्हे

रविवारी पहाटे एकही दुकान उघडं नसतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच बघून घ्या. हवा, ब्रेक आणि चेन एवढंच बघायचं.

हवा किती हवी हे टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. साध्या शहरी सायकलला साधारण ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), अरुंद टायरच्या रोड बाइकला ८० ते १०० लागतात. पेट्रोल पंपावरची नळी फक्त मोटारसारख्या जाड व्हॉल्व्हला बसते. जुन्या सायकलींच्या व्हॉल्व्ह-ट्यूबवाल्या तोंडाला किंवा परदेशी पद्धतीच्या बारीक व्हॉल्व्हला ती बसत नाही. कोणाचा व्हॉल्व्ह कसला आहे हे निघण्याआधी बघा, आणि त्याला लागणारा छोटा हातपंप गटात एक तरी असू द्या.

ब्रेक दाबल्यावर दांडी हँडलला टेकत असेल तर तार ओढून घ्या. ब्रेकचं रबर रिमवरच दाबलं जातंय ना, टायरवर नाही ना, तेही बघा. चेनवर तेल टाकून उलटं पायडल दहा वेळा फिरवा आणि वरचं तेल फडक्यानं पुसा. ओली चेन सोलापूरची धूळ अशी धरते की आठवड्यात लाडू होतो.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण करत नाहीत, ती म्हणजे सीटची उंची. सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर करा. ‘दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत’ म्हणून खाली केलेल्या सीटनं पाच किलोमीटरवर गुडघे बोलायला लागतात, आणि दोष वयाला दिला जातो.

काटा

सोलापुरात सायकल चालवायची म्हणजे काट्याशी ओळख हवीच. दोन जाती आहेत. एक वेडी बाभूळ. रस्त्याकडेला तोडलेल्या फांद्यांचे लांब काटे डांबरावर येतात. दुसरा सराटा. पावसाळ्यात कडेनं पसरतो आणि थंडीत वाळतो. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडं ठेवूनच पडतं.

त्या एप्रिलमधल्या रविवारी मी रस्त्यात दोनदा पंक्चर काढलं. पॅच नीट बसला होता, हवा भरली, दोनशे पावलांवर पुन्हा फुस्स. शेवटी एका कडुलिंबाखाली बसलेल्या पंक्चरवाल्या मामांकडं पोचलो. त्यांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुड्यांची बारीक माळ निघाली तिथं बोट ठेवलं. पॅच लावायच्या आधी टायरच्या आतून सावकाश बोटाचं टोक फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पकडीनं ओढलं तर तांदळाच्या कणीएवढं बाभळीचं टोक निघालं. ‘काटा घरी घेऊन चाललाव की ओ,’ म्हणाले.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. चाक काढायची गरज नाही. हवा सोडून टायरची एकच बाजू लिव्हरनं, म्हणजे टायर उचकटायच्या चपट्या पट्टीनं, रिमबाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. थोडी हवा भरून भोक शोधा. पाणी नसेल तर ट्यूब गालाजवळ धरून फिरवा, बारीक झुळूकसुद्धा गालाला कळते. भोकावर पेनानं खूण करा. आता ट्यूब बाजूला ठेवा आणि टायर आतून बोटानं पूर्ण तपासा, काटा काढा. मगच पॅचकडं वळा. जागा पॉलिश पेपरनं घासा, सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. सगळी चूक इथं होते. सोल्यूशन ओलं असताना पॅच चिकटवला की तो सरकतो. बोट लावून बघा, चिकट लागलं पण बोटाला आलं नाही की झालं. चार-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी प्या. पॅच दाबून बसवा, ट्यूब आत सरकवा, आधी थोडीच हवा भरा, ट्यूब टायर आणि रिममध्ये चिमटलेली नाही हे दोन्ही बाजूंनी बघा, आणि मग पूर्ण भरा.

घरी एकदा करून बघा. पहिल्या वेळी अर्धा तास जातो. आणि सोबत एक जादा ट्यूब ठेवलीत तर पॅचचं काम घरी आल्यावर पंख्याखाली करता येतं.

पाणी आणि पोट

माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या. घाम फार जात असेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून घरूनच आणा, वर लिंबू पिळा. कोणाला गरगरलं, मळमळलं, किंवा उन्हात असून घाम यायचा थांबला, तर फेरी तिथंच संपली. सावलीत बसवा, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा, रिक्षा बोलवा. सायकल नंतर आणता येते.

निघताना पोटात केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरतो. खरं खाणं परतल्यावर : सुशीला (म्हणजे फोडणीचे चुरमुरे), उप्पीट, गरम इडली-वडा. आमच्या गटात एक जण आहे, तो वनविहाराच्या नावानं येतो पण त्याचं सगळं लक्ष सुशीलावर असतं. त्याच्यामुळे परतीचा वेग वाढतो, म्हणून आम्ही त्याला सहन करतो.

गट असेल तर

रस्ता माहीत असलेला सगळ्यात पुढं, सगळ्यात हळू चालवणारा त्याच्या लगेच मागं, आणि पंप-पॅच असलेला शेवटी. हळू माणूस शेवटी ठेवला की तो एकटा पडतो आणि पुन्हा येत नाही. पुढच्यानं खड्डा हातानं दाखवायचा, थांबताना ओरडून सांगायचं. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली बंद. मागं घेतलेलं हेल्मेट म्हणजे टोपी.

कुत्रं मागं लागलं तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत पुढं जा. पळणारं चाक थांबलं की बहुतेकांचा उत्साहही थांबतो.

पुढची पायरी

ही फेरी तीन-चार रविवार सहज जमली की तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, शहरापासून आठेक किलोमीटरवर. त्याचं खरं नाव एकरुख तलाव, काम १८७१ मध्ये पुरं झालं. पाण्याचा विस्तार बघून कंबर तलाव वाटीएवढा वाटतो. त्याहून पुढं बार्शी रोडला नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९ पासूनचं. माळढोक आता दिसेल या आशेनं जाऊ नका, पण गवताळ माळ, काळविटांचे कळप आणि थंडीत बांधावर मिळणारा हुरडा, एवढ्यासाठी तो लांबचा पल्ला मोलाचा आहे. त्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी टाका. दोन्ही उन्हात खराब होत नाहीत.

या बाहेरच्या रस्त्यांवर गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात. पाठीमागून गाण्यांचा आवाज आला की डावीकडं होऊन थांबा. पहिली ट्रॉली गेली की ‘सुटलो’ म्हणून लगेच रस्त्यावर येऊ नका. तिच्या मागं दुसरी जोडलेली असते आणि ती थोडी आत ओढली जाते. दोन मोजा, मग निघा.

घरी आलात की सायकल आत घ्यायच्या आधी दोन्ही टायरवरून जुनं फडकं फिरवा, चाक गोल फिरवत. फडकं जिथं अडकेल तिथं काटा असतो. तो तेव्हाच काढा.